बाणांमागचे प्रयोग

सजीव पेशीत घडणाऱ्या प्रत्येक क्रियेला परीक्षानळीतल्या रसायनशास्त्राचेच नियम लागू होतात, या विधानावर जैवरसायनाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम उभा आहे. आज ते सहज पटते. एकोणिसाव्या शतकात पटत नव्हते. साखरेचा मद्यार्क होण्यासाठी जिवंत यीस्ट लागते, असे लुई पाश्चर यांचे ठाम मत होते. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी यीस्ट वाळूबरोबर घोटले आणि त्याचा रस पिळून काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रस फसफसू लागला. त्यात जिवंत पेशी उरलेली नव्हती. किण्वनाला अख्खा जीव लागत नाही, पेशीतले काही पदार्थ पुरेसे असतात, हे त्या फेसाने दाखवून दिले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल बुखनर यांना मिळाले, आणि एका नव्या विषयाला पाया मिळाला.

जगभर हा विषय थोड्याफार फरकाने एकाच क्रमाने शिकवला जातो: पाणी, प्रथिने, विकरे, चयापचय, न्यूक्लिइक आम्ले. हा क्रम लेनिंजर आणि स्ट्रायर यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकांनी रुळवला. विभागाच्या भिंतीवर बहुधा चयापचयाचा मोठा तक्ता लावलेला असतो. शेकडो रेणूंची नावे आणि त्यांना जोडणारे बाण. परीक्षेच्या धसक्याने विद्यार्थी ते बाण पाठ करतात, आणि विषय पाठांतराचा आहे अशी त्याची ख्याती होते. ही ख्याती अन्यायाची आहे. तक्त्यावरचा प्रत्येक बाण कोणीतरी प्रयोगाने मिळवलेला आहे, आणि तो कसा मिळवला हे कळल्याशिवाय बाण पाठ असण्याला फारसा अर्थ नाही. चांगला अध्यापक म्हणूनच बाणाआधी प्रयोग सांगतो.

सुरुवात पाण्यापासून होते, कारण पेशीतले जवळजवळ सगळे पाण्यात घडते. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. तेलकट रेणूंना त्या जाळ्यात जागा मिळत नाही, म्हणून ते एकत्र गोळा होतात. पेशीचे पटल बनणे आणि प्रथिनाची घडी पडणे, या दोन्हींमागे हेच कारण आहे. त्यापाठोपाठ सामू येतो. सामूचे माप १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन यांनी रूढ केले. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने चालवलेली होती. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो, आणि तो सांभाळणारा मुख्य बफर म्हणजे बायकार्बोनेट. इथे विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो. बफर त्याच्या पीकेएच्या आसपास उत्तम काम करतो हे तो शिकलेला असतो, आणि बायकार्बोनेटचा पीकेए ६.१ आहे. गणिताने पाहिले तर ७.४ ला हा बफर दुबळा ठरायला हवा. उत्तर असे, की चंचुपात्रातला बफर बंदिस्त असतो आणि रक्तातला खुला. आम्ल वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि फुप्फुसे तो बाहेर टाकतात. बायकार्बोनेटचा साठा मूत्रपिंडे राखतात. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाचा श्वास खोल आणि जलद चालतो, तो हेच आम्ल हटवण्यासाठी.

प्रथिनांच्या प्रकरणात वीस ॲमिनो आम्लांची रचना तोंडपाठ करावी लागते, आणि ती करावीच, कारण पुढचे सगळे त्याच लिपीत लिहिलेले आहे. प्रत्येक प्रथिनात ॲमिनो आम्लांचा क्रम ठरलेला असतो, ही गोष्टही एकेकाळी वादाची होती. फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजमध्ये सुमारे दशकभर खपून इन्सुलिनमधल्या ५१ ॲमिनो आम्लांचा क्रम उलगडला आणि तो वाद मिटवला. १९५८ चे नोबेल त्यासाठी होते. क्रमानंतर घडी. साखळीचा कणा प्रत्येक ॲमिनो आम्लाजवळ दोन कोनांत वळू शकतो. त्यांपैकी कोणत्या जोड्या शक्य आहेत आणि कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मांडला. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना प्रसिद्ध होते तेव्हा ती रामचंद्रन आलेखावर ताडून पाहिली जाते. भारतातल्या एका विद्यापीठात झालेले आणि या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात कायमचे बसलेले हे काम विद्यार्थ्याने नुसत्या एका गुणाच्या प्रश्नापुरते शिकू नये.

घडीचा खरा अर्थ हिमोग्लोबिनमध्ये कळतो. त्यात चार साखळ्या असतात, १४१ ॲमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ च्या दोन बीटा. एका साखळीला ऑक्सिजन चिकटला की सगळ्या रेणूचा आकार किंचित बदलतो आणि उरलेल्या साखळ्यांची ऑक्सिजनची ओढ वाढते. म्हणूनच हिमोग्लोबिन फुप्फुसांत भरभरून ऑक्सिजन घेते आणि ऊतींमध्ये तो सोडूनही देते. स्नायूंतले एकाच साखळीचे मायोग्लोबिन मात्र तो सहजी सोडत नाही. आता बीटा साखळीतले सहावे ॲमिनो आम्ल पाहू. तिथे ग्लुटामिक आम्ल असते. त्याच्या जागी व्हॅलीन आले, तर ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब तंतू होतात, तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण वेदनांनी तळमळतो. हाच सिकलसेल. रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले आणि या आजाराला रेणूचा आजार म्हटले. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने तोडले आणि तुकडे कागदावर पसरवले. फक्त एक ठिपका जागेवरून हललेला होता. त्या ठिपक्यातून १९५७ मध्ये हा एका ॲमिनो आम्लाचा फरक निश्चित झाला.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी हे दूरचे उदाहरण नाही. नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीसह विदर्भाच्या अनेक जिल्ह्यांत सिकलसेल हा घरोघरचा प्रश्न आहे. तपासणी मोहिमेत आधी साधी विद्राव्यता चाचणी होते आणि नंतर हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. म्हणजे पॉलिंग यांनी जे केले तेच आजही वेगळ्या यंत्रावर केले जाते. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही या आजारासाठी. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे वस्तीवर जाऊन समजावून सांगता येणे, हा अभ्यासक्रमाचा सर्वांत उपयोगी भाग म्हणावा लागेल.

विकरे हे या विषयाचे हृदय. विकर हे प्रथिन असते, हे १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी सिद्ध केले. अबईच्या जातकुळीतल्या जॅकबीनच्या बियांतून त्यांनी युरिएज या विकराचे शुद्ध स्फटिक मिळवले. बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना ते बराच काळ पटले नाही. नोबेल मिळायला १९४६ उजाडले. विकरांची ताकद आकड्यांतच कळते. न्यूक्लिओटाइड घडवण्याच्या वाटेवर ऑरोटिडिलिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटण्याची एक पायरी आहे. विकर नसेल तर पाण्यातले निम्मे रेणू बदलायला सुमारे ७.८ कोटी वर्षे लागतील. विकराचा एक रेणू हेच काम सेकंदात कित्येकदा उरकतो. रक्तातले कार्बोनिक अनहायड्रेज सेकंदाला सुमारे दहा लाख रेणू हाताळते. एवढे असूनही विकर क्रियेचा समतोल बदलत नाही, फक्त तिथवर पोहोचण्याचा वेळ कमी करते. हे वाक्य विद्यार्थी लिहितात नेहमी आणि विसरतातही नेहमी.

वेग मोजण्याची रीत १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी बसवली. साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारे इन्व्हर्टेज त्यांनी घेतले, सामू बफरने स्थिर ठेवला, आणि प्रत्येक प्रयोगात फक्त सुरुवातीचा वेग मोजला. आधीच्या संशोधकांचे आकडे जुळत नव्हते ते या दोन काळज्या न घेतल्यामुळे. त्यांच्या समीकरणातून केएम हा आकडा येतो: ज्या संहतीला विकराचा वेग कमालीच्या निम्मा होतो, ती संहती. ही व्याख्या कोरडी वाटते. पण ग्लुकोजवर फॉस्फेट बसवणारी दोन विकरे शेजारी ठेवली की तिच्यात जीव येतो. मेंदूतल्या हेक्सोकायनेजचा केएम ०.१ मिलिमोलरच्या आसपास आहे, आणि यकृतातल्या ग्लुकोकायनेजसाठी हाच आकडा ८ ते १० मिलिमोलर आहे. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज सुमारे ५ मिलिमोलर असते, म्हणजे लॅबच्या रिपोर्टात दिसणारे ९० मिलिग्रॅम. मेंदूचे विकर अशा वेळीही जवळजवळ पूर्ण वेगाने चालते. यकृताचे विकर जेवणानंतर साखर चढली तरच जोर धरते. उपाशी माणसाच्या मेंदूच्या वाट्याचे ग्लुकोज यकृत ओढून घेत नाही, त्याची तजवीज या दोन आकड्यांत आहे.

विकराला अडवणे हा याच अभ्यासाचा पुढचा भाग, आणि औषधशास्त्राचा मोठा हिस्सा त्यावर चालतो. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे, कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट, ही सगळी कुठल्या ना कुठल्या विकराच्या वाटेत उभी राहतात. स्पर्धात्मक अवरोध म्हणजे काय, हे मिथेनॉलच्या विषबाधेतून सर्वांत स्पष्ट समजते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसांचा जीव गेला. मिथेनॉल स्वतः तेवढे घातक नसते. यकृतातले अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचे फॉर्मल्डिहाइड करते, त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते दृष्टी घालवते व रक्त आम्लधर्मी करते. याच विकराला इथेनॉल मात्र कितीतरी अधिक रुचते. म्हणून रुग्णालयात रुग्णाला मोजून इथेनॉल किंवा फोमेपिझोल हे औषध देतात. विकर त्यात गुंतून राहते आणि मिथेनॉल न बदलता शरीराबाहेर काढायला डायलिसिसला वेळ मिळतो. स्वयंपाकघरातही असा अवरोध आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. ती शिजवल्यावर निकामी होतात, म्हणून कच्ची डाळ पचत नाही आणि शिजवलेली पचते.

चयापचयाला सर्वाधिक तास जातात. ग्लुकोजचे दहा पायऱ्यांत पायरुव्हेट होते आणि पेशीच्या हाती निव्वळ दोन एटीपी लागतात. एटीपी हा रेणू १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला: जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ ची आहे, आणि ती अजूनही प्रात्यक्षिकांत करून घेतली जाते.

मेदाम्ले शरीरात कशी जळतात, हे शोधणारा १९०४ चा प्रयोग या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा. फ्रान्झ नूप यांनी मेदाम्लाच्या टोकाला फेनिल गट जोडला; हा गट शरीराला जाळता येत नाही. असे मेदाम्ल त्यांनी कुत्र्यांना खाऊ घातले आणि लघवी तपासली. साखळीतले कार्बन विषम असतील तर शेवटी बेंझोइक आम्ल उरे, सम असतील तर फेनिल-ॲसेटिक आम्ल. अर्थ एकच निघत होता: शरीर साखळी दोन-दोन कार्बनांनी तोडते. एकही विकर हाती नसताना, फक्त काय उरले ते पाहून, एका अख्ख्या मार्गाची रीत कळली.

क्रेब्ज चक्राची कथाही अशीच सांगायला हवी. हान्स क्रेब्ज यांना नाझी राजवटीने १९३३ मध्ये फ्रायबुर्गमधून काढून टाकले. ते इंग्लंडला आले. शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा ऑक्सिजन किती वेगाने घेतो, हे ते मोजत होते. चिमूटभर सायट्रेट घातले की ऑक्सिजनचा खप त्या सायट्रेटच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वाढे. म्हणजे सायट्रेट संपत नव्हते, पुन्हा तयार होत होते. मॅलोनेटने एक पायरी अडवली की सक्सिनेट साचत असे. ऑक्झॅलोॲसेटेट दिले की सायट्रेट बनत असे. सरळ रेषेत ही निरीक्षणे बसत नव्हती, वर्तुळात बसत होती. १९३७ मध्ये ‘नेचर’ने हा शोध जागेअभावी छापला नाही, तो दुसऱ्या नियतकालिकात आला आणि १९५३ मध्ये क्रेब्ज यांना नोबेल मिळाले. परीक्षेत चक्राच्या आठ पायऱ्या विचारतात. मॅलोनेट घातल्यावर काय साचेल, असे विचारले तर विद्यार्थ्याची समज खरी पारखली जाईल.

चक्रातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात. या साखळीतले सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना कमला भागवत यांनी दाखवले. त्या पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून मिळालेला प्रवेश त्यांनी स्वीकारला, आपले काम दाखवले, आणि नंतरच्या मुलींसाठी ते दार उघडले. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर आणि कडधान्यांतल्या ट्रिप्सिन अडवणाऱ्या प्रथिनांवर काम केले. मराठी घरातली एक मुलगी श्वसनाच्या मूळ साखळीपर्यंत पोहोचली होती, हे जैवरसायनाच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच ठाऊक असायला हवे.

साखळीच्या शेवटच्या टोकाला सायनाइड चिकटते आणि श्वसन थांबते. कोवळ्या ज्वारीचे पोंगे चरून जनावरे दगावतात त्याचे कारण हेच. त्या पोंग्यांतल्या धुरिन या पदार्थातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. इलेक्ट्रॉनांच्या प्रवासातून एटीपी कसे बनते, हे कोडे मात्र बराच काळ सुटत नव्हते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितले की ऊर्जा कोणत्याही मधल्या रेणूत साठत नाही. पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांच्या संहतीत फरक पडतो आणि त्या फरकात ती असते. बहुतेकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. १९७८ मध्ये नोबेल त्यांनाच मिळाले. एटीपी बनवणारे विकर प्रत्यक्ष फिरते, हे १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जुन्या गाइडांत एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी लिहिलेले असतात, नव्या पुस्तकांत ३० ते ३२. प्रोटॉनांचा हिशेब पूर्णांकात बसत नाही, हे कळल्यावर आकडा बदलला.

नियमनात हे सगळे मार्ग एकत्र येतात, आणि उपास हे त्याचे सर्वांत पूर्ण उदाहरण आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास शरीराला उपास म्हणून कळत नाही; निर्जळी एकादशीला मात्र बदल सुरू होतो. इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते, यकृत आपले सुमारे शंभर ग्रॅम ग्लायकोजेन सोडू लागते. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, तेव्हा हा साठा एका दिवसातच आटोपतो. त्यानंतर स्नायूंच्या प्रथिनांतून नवे ग्लुकोज घडते. हे फार दिवस चालले तर स्नायू झिजतील. म्हणून यकृत मेदाम्लांपासून कीटोन तयार करते आणि काही दिवसांत मेंदू मोठ्या प्रमाणात त्यांवर चालू लागतो. मधुमेहात रक्तात साखर असूनही इन्सुलिनअभावी शरीर उपाशी असल्यासारखे वागते. लॅबमध्ये तीन महिन्यांची साखर म्हणून जे एचबीएवनसी मोजतात, ते म्हणजे विकराविना आपोआप ग्लुकोज चिकटलेले हिमोग्लोबिन. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यात मागच्या काही आठवड्यांची नोंद सापडते.

जीवनसत्त्वांचा भाग छोटा असतो. बहुतेक बी-जीवनसत्त्वे सहविकरांचा कच्चा माल आहेत, एवढे कळले की यादी आपोआप लक्षात राहते. नायसिनपासून एनएडी बनते. नायसिन कमी पडले की पेलाग्रा होतो. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा का दिसतो, याचा संबंध हैदराबादच्या पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतल्या जास्त ल्युसीनशी जोडला.

डीएनए, आरएनए आणि प्रथिनसंश्लेषण यांना आता स्वतंत्र विषयाचा दर्जा आल्याने जैवरसायनात त्यांचा मूळ भागच शिकवतात. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी पेशीविरहित रसात फक्त युरासिलचा आरएनए घातला आणि फक्त फेनिलॲलॅनिनची साखळी मिळाली. सांकेतिक लिपीचा पहिला शब्द असा वाचला गेला. हर गोविंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए बनवून उरलेले शब्द पक्के केले, आणि १९६८ चे नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळाले. ६४ शब्दांपैकी ६१ ॲमिनो आम्लांचे आणि ३ थांबण्याचे. हेही बुखनर यांच्यासारखेच पिळून काढलेल्या रसातले काम आहे.

उरतो तो प्रात्यक्षिकांचा भाग, आणि अभ्यासक्रमाचा निम्मा कस तिथेच लागतो. बफर बनवणे, पिपेटवर हात बसणे, लाळेतले अमायलेज पिष्ट फोडत असताना आयोडीनचा निळा रंग केव्हा जातो ते टिपणे, प्रथिन मोजण्याची लाउरी पद्धत. या पद्धतीचा १९५१ चा लेख विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उद्धृत झालेला आहे. मग एखाद्या विकराचे शुद्धीकरण येते. अर्क बर्फात ठेवून अमोनियम सल्फेटने प्रथिने खाली बसवायची, डायलिसिसने मीठ काढायचे, कॉलममधून सोडायचे, शेवटी जेलवर किती पट्टे उरले ते पाहायचे. प्रत्येक पायरीनंतर एकूण क्रियाशीलता, प्रत्येक मिलिग्रॅम प्रथिनामागची क्रियाशीलता आणि हाती उरलेला टक्का एका तक्त्यात भरायचा. विकराचा काही भाग दर पायरीला वाया जातो, म्हणून टक्का उतरत जायला हवा. कधी कधी तो शंभराच्या वर जातो. विद्यार्थी आकडा खोडायला निघतो. जाणता मार्गदर्शक त्याला थांबवतो. अर्कात विकराला अडवणारा एखादा पदार्थ असेल आणि त्या पायरीत तो निघून गेला असेल, तर क्रियाशीलता वाढलेलीच दिसणार. बाजूला काढलेला भाग पुन्हा मिसळून वेग परत उतरतो का, हे मोजले की त्याचा निकाल लागतो.